मास्कारेल्लो, बार्तोलो (वाइनरी)

वायव्य इटलीच्या पीडमाँट प्रदेशातील बारोलो गावची कौटुंबिक वाइनरी. जूलिओ मास्कारेल्लो यांनी ती 1918 च्या सुमारास सुरू केली. पुढे मुलगा बार्तोलो (1927–2005) आणि त्यांच्यानंतर नात मारिया तेरेसा यांनी सांभाळली. द्राक्षमळे जेमतेम 5 हेक्टर.

बारोलो ही लाल वाइन केवळ नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून होते. रंग फिका, पण तुरटपणा आणि आंबटपणा जबर. नियमानुसार ती किमान 38 महिने, त्यांपैकी 18 लाकडात, मुरवावी लागते. 1980 नंतर अनेक उत्पादक एकेका मळ्याची वेगळी बाटली काढू लागले आणि 225 लिटरच्या नव्या फ्रेंच ओक पिंपांकडे वळले. बार्तोलो मात्र हटले नाहीत. कानूबी, सान लोरेंत्सो, रुए आणि शेजारच्या ला मोर्रा गावातील रोक्के या चार मळ्यांची द्राक्षे एकत्र करून त्यांनी एकच बारोलो केली. किण्वन सिमेंटच्या टाक्यांत आणि मुरवण जुन्या, अवाढव्य पिंपांत. व्हॅनिलाच्या वासाचे लाकूड त्यांना मानवत नसे. काही बाटल्यांची लेबले ते स्वतः रंगवीत. ‘बारीक नको, बेर्लुस्कोनी नको’ अशा अर्थाचे त्यांचे लेबल विशेष गाजले. बारीक म्हणजे ते छोटे पिंप, तर बेर्लुस्कोनी हे इटलीचे उजव्या विचारांचे राजकीय नेते. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टविरोधी लढ्यात उतरलेल्या माणसाला हा विनोद शोभतोच.

दोल्चेत्तो, बार्बेरा व फ्रेइसा या हलक्या लाल वाइनही येथे होतात. त्या लवकर पिता येतात. बारोलो मात्र दहा वर्षांच्या आत उघडण्यात फारसा अर्थ नाही.