जोत्याखालचा उंदीर

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साम्राज्यांच्या उदयास्ताविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र उंदराविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटला तर आमची तक्रार नाही. तथापि ज्या प्राण्याला कौटिल्याने आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांच्या पंक्तीस बसविले, तो निदान एका संध्याकाळचा मानकरी ठरण्यास हरकत नसावी. 'अर्थशास्त्रा'च्या चौथ्या अधिकरणात जी आठ महाभये सांगितली आहेत, त्यांत मूषक हे एक आहे. त्यावरचे उपायही दिले आहेत. मांजरे व मुंगसे सोडावीत, त्यांना जो धरील अथवा मारील त्यास 12 पण दंड करावा. निवडुंगाच्या चिकाने माखलेले धान्य पसरावे. एवढ्यानेही न भागल्यास मूषिककर बसवावा, म्हणजे प्रजेने कर म्हणून उंदीर आणून द्यावेत. या उपायांत घर कसे बांधावे, हा विचार नाही. राजाला उंदीर मारावयाचा असतो. घरधनिणीला तो बाहेर ठेवावयाचा असतो. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि धाराशिव जिल्ह्याचा इतिहास दुसऱ्या गोष्टीविषयी पुष्कळ बोलतो.

परदेशांतील कित्येक घरे जमिनीपासून थोडी उचलून बांधलेली असतात आणि खालच्या पोकळीत उंदीर शिरू नये म्हणून तेथील लोक खटपट करतात. आपल्याकडे घराखाली पोकळी नसते असे आपण म्हणतो. उंदराला हे मान्य नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घराची रचना पाहा. जोते दगडाचे, त्याच्या आत दगडगोटे आणि माती यांची भर. त्यावरची भिंत दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला ती किल्ल्याच्या तटासारखी वाटते, पण ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये चिपा, गोटे व चिखल. दोन्ही थरांना जखडणारा आरपार बंध-दगड बहुधा नसतो. मग लाकडी तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, हिवाळ्यात उबदार. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने चैत्रात अशा माळवदाखाली दुपार काढली आहे, तो ती करणारही नाही. पण भिंतीचे ते मऊ पोट आणि जोत्याची ती सैल भर म्हणजे उंदराला बांधून दिलेला वाडाच होय. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आपण वापरतो. येथे उंदीर घर पोखरीत असे आणि कोणाला पत्ता नसे.

आपले पूर्वज हे जाणत नव्हते असे नाही. त्यांनी धान्य उंदराच्या वाटेतूनच काढून घेतले होते. पेव ही त्यांची युक्ती. काळी जमीन ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव काळीत खणीत नसत. गावठाणातील पांढरीत किंवा मुरमात खणीत. खाली व कडेने कडबा आणि भुसा यांचे अस्तर, त्यात ज्वारी, तोंडावर दगडी फरशी आणि वर माती. तोंड बंद झाले की आतील दाणा व त्यातील कीड श्वास घेत राहतात, प्राणवायू सरत जातो, कर्बवायू साठतो आणि मग कीडही जगत नाही, उंदीरही नाही. विषाचा एक कणही न वापरता साधलेली ही गोष्ट होती. तिची किंमतही होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या हकिकती खेडोपाडी सांगितल्या जात. म्हणून शहाणा माणूस आधी पेव मोकळे ठेवी, दिवा सोडून पाही, मग उतरे. पेव फुटले की दाणा पसरतो, आणि 'अमक्याचे पेव फुटले' असे आपण अजूनही म्हणतो. बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी पेव पाहिले असेल, हा प्रश्न वेगळा.

ज्यांच्या घरी साठविण्याइतके पिके त्यांचे पेव. ज्यांचे पोट हातावर, त्यांची ज्वारी शेणाने लिंपलेल्या कणगीत, घरातच, त्या पोकळ भिंतीला टेकून असे. उंदीर गरिबाकडे अधिक का, याचे उत्तर अस्वच्छतेत शोधण्याची शिष्टांना सवय आहे. आम्हांस ते उत्तर धान्य कोठे ठेवले आहे यात दिसते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग निघाला आणि उंदराचा प्रश्न धान्याचा न राहता प्राणाचा झाला. सरकारने घरे खणली, कौले उतरविली, चुना मारला, माणसांना घराबाहेर ओढले; पुण्यास त्यातून काय घडले ते 1897 च्या जूनमधील रँडच्या खुनाने सर्वांस ठाऊक आहे. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग नेते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीस दाखविले. पुढे 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने या गोष्टीचा पिच्छा पुरविला. तेथील संशोधकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले; जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले आजारी पडले, दोन फूट उंच टांगलेले वाचले, कारण पिसूची उडी काही इंचांचीच. निरनिराळ्या छपरांच्या खोल्या बांधून पाहिले, तेव्हा देशी कौलांत उंदरांनी मुक्काम केला आणि पत्र्याखाली त्यांना थारा मिळाला नाही. माणसाच्या घराची घडण हीच रोगाची वाट ठरू शकते, ही गोष्ट परळच्या त्या साध्या खोल्यांनी सिद्ध केली. जावा बेटात डच सरकारने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. तेथील उंदीर घराच्या पोकळ बांबूंत राहत. 1911 नंतरच्या तीन दशकांत बांबूची तोंडे बंद करून, लाकूड व कौले घालून तेथे पंधरा लाखांच्या आसपास घरे सुधारण्यात आली. सक्ती होती, खर्चाचा बोजा रयतेवर होता, कुरकुरही झाली. पण प्रश्न घरातच आहे, हे त्यांनी ओळखले.

आमच्या खेड्यांत असे काही झाले नाही. दख्खनी गावांनी आपला उपाय आपणच शोधला होता. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर किंवा शेतात खोपी घालायच्या आणि साथ ओसरल्यावर परतायचे. वैद्यकाची पुस्तके न वाचता केलेला हा निर्णय बरोबर होता. मात्र पोकळ भिंत तशीच राहिली. माणसे परतली ती त्याच भिंतीपाशी.

ती भिंत 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास कोसळली. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव या नावांचा उच्चार करताना अजूनही आवाज खाली येतो. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. तज्ज्ञांनी कारण सांगितले: दोन थर एकमेकांस जखडलेले नव्हते, मध्ये सैल भर होती, वर मातीचे ओझे होते; धक्का बसताच थर फुगून सुटले आणि माळवद खाली आले. म्हणजे ज्या पोकळीने पिढ्यान् पिढ्या उंदराला आसरा दिला, तीच माणसाच्या जिवावर उठली. उंदरांनी भिंत पाडली असे आम्ही म्हणत नाही. बंध-दगड नसणे हा दोष माणसाचाच.

माणसे ढिगाऱ्यापासून दूर, पत्र्याच्या निवाऱ्यांत गेली. जेथे घरे उभी होती तेथेही कित्येक महिने लोक बाहेर निजत. धान्य मात्र मागे राहिले. प्लेगच्या काळात उंदीर मरू लागले की माणूस घर सोडी. या वेळी माणसाने घर आधी सोडले आणि उंदीर धान्याचे धनी झाले. 1994 च्या ऑगस्टात शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, उंदीर पडले, पिसवा झाल्या आणि माणसांच्या जांघेत गाठी आल्या. भारतात 1966 नंतर प्रयोगशाळेत पक्का ठरलेला प्लेगचा रुग्ण नव्हता. सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग निघाला, लाखो लोक शहर सोडून पळाले. देशभरात पन्नासांहून अधिक मृत्यू या साथीच्या नावे नोंदले गेले. हा प्लेग नव्हेच, असेही काही डॉक्टर तेव्हा म्हणत. पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीने तो प्लेगच ठरला. मामल्याच्या उंदरांचा संबंध भूकंपाशी जोडला गेला. मामला भूकंपाच्या केंद्रापासून बराच दूर आहे, हे ध्यानी घेता सारा भार भूकंपावर टाकणे आम्हांस धाडसाचे वाटते. पण ओस घर आणि त्यात राहिलेला दाणा यांतून उंदीर वाढतात, हे समजण्यास आयोगाची गरज नाही.

पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसली. इतर गावांत उभ्या राहिलेल्या पुष्कळ घरांच्या दगडी भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळईसह काँक्रीटचे बंध बसविले गेले. हे सारे भूकंपासाठी होते. उंदराचा विचार कोणी केला नव्हता. तरी नव्या गावांतील काँक्रीटच्या ठोकळ्यांत, सिमेंटच्या जमिनीत त्याला जुने पोट राहिले नाही. तो आता दाराखालच्या फटीतून येतो, सांडपाण्याच्या नळाभोवती राहिलेल्या भोकातून येतो. अर्ध्या इंचाची फट मोठ्या उंदरालाही पुरते, चिचुंद्रीएवढ्या पिलाला त्याहून कमी. पाया खणून यायचे त्याने ठरविले तर दोन फूट खोल गेलेली काँक्रीटची पडदी, आणि तिच्या तळाशी बाहेरच्या अंगाला वळविलेला फूटभर पाय, त्याला परतवितो. तो सरळ खाली खणतो, आडवे काही लागले की बाजूने फिरून येण्याची अक्कल सहसा चालवीत नाही. धान्याच्या गोदामांचे जोते अडीच-तीन फूट उंच ठेवून त्याला पुढे आलेला कठडा करतात आणि पायऱ्या काढून घेता येतील अशा बनवितात, तेही याच हिशेबाने. मातीच्या पुसा कोठीचा तळ आणि बाहेरच्या भिंतीचा खालचा दीड फूट भाग पक्क्या विटांचा असतो.

पेवे मात्र गेली. नव्या गावठाणात कोणी पेव खणले नाही. ज्वारीची पोती आता घरातच, काँक्रीटच्या भिंतीला लावून थप्पीने रचलेली असतात. एक फळी खाली आणि भिंतीपासून हातभर अंतर, एवढे ठेवले तर थप्पीच्या मागे झाडू फिरतो आणि लेंड्या दिसतात. ज्या घरी आजी आहे, त्या घरी हे अंतर आम्ही राखलेले पाहिले आहे.