अमेरिकेतील लिबरल आर्ट्स महाविद्यालये : टक्केवारी आणि प्रत्यक्ष संधी

अमेरिकेच्या उच्च शिक्षणात केवळ पदवीपूर्व अध्यापनाला वाहिलेल्या लहान, निवासी महाविद्यालयांची जुनी परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स (स्थापना १७९३) आणि अ‍ॅमहर्स्ट (१८२१), मेनमधील बोडन (१७९४), पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर (१८६४), कॅलिफोर्नियातील पोमोना (१८८७) ही त्यांतील अग्रगण्य नावे. येथे प्रवेश घेतानाच शाखा ठरवावी लागत नाही. भौतिकशास्त्र आणि संगीत या दोन्ही विषयांचा अभ्यास एकाच पदवीत करता येतो. एकूण विद्यार्थिसंख्या मात्र दीड ते सव्वादोन हजार एवढीच असते.

अलीकडच्या वर्षांत या महाविद्यालयांत शंभर अर्जदारांपैकी साधारण सात ते दहा जणांनाच प्रवेश मिळाला आहे. हाच आकडा आपली शक्यता, असे अर्जदार आणि त्याचे पालक समजून चालतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण सारे अर्जदार एकाच रांगेत उभे नसतात.

पहिली वेगळी रांग खेळाडूंची. ही महाविद्यालये क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या विभागात मोडतात, त्यामुळे त्यांना क्रीडा शिष्यवृत्ती देता येत नाही. परंतु प्रशिक्षक आपल्या संघासाठी हवे असलेले खेळाडू प्रवेश विभागाला सुचवतात आणि त्या सूचनेला वजन असते. विल्यम्स किंवा अ‍ॅमहर्स्टसारख्या ठिकाणी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघांत खेळतात. दुसरी रांग माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची. पोमोनाने २०१७ मध्ये आणि अ‍ॅमहर्स्टने २०२१ मध्ये हे प्राधान्य रद्द केले. सर्वांनी तसे केलेले नाही.

‘अर्ली डिसिजन’ या पद्धतीविषयीचा गैरसमजही येथूनच निर्माण होतो. नोव्हेंबरमध्ये एकाच महाविद्यालयाकडे अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाल्यास तो घेण्याचे वचन द्यायचे, अशी ही पद्धत आहे. तिच्यातील प्रवेशाचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा पुष्कळ अधिक दिसते. मात्र संघासाठी निवडलेले बहुतेक खेळाडू याच फेरीतून येतात, हे ध्यानात घेतल्यास इतरांच्या वाट्याला येणारा लाभ बराच आक्रसतो. तो अगदीच नसतो असे नाही, कारण हमखास येणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयाला हवाच असतो.

भारतीय विद्यार्थ्यासाठी सर्वांत निर्णायक प्रश्न गुणांचा नसून पैशांचा आहे. शिक्षण शुल्क, निवास व भोजन मिळून वार्षिक खर्च आता बहुतेक ठिकाणी ८५ हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. आर्थिक साहाय्याची मागणी प्रवेशाचा निर्णय घेताना विचारात घेतली जाते की नाही, यावरून महाविद्यालयांचे दोन वर्ग पडतात. अमेरिकी नागरिकांच्या बाबतीत ती विचारात न घेणारी अनेक महाविद्यालये परदेशी अर्जदारांच्या बाबतीत मात्र घेतात. अ‍ॅमहर्स्टने २००८ मध्ये आणि बोडनने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही समान न्याय लागू केला. याउलट विल्यम्सने आर्थिक मंदीनंतर २०१० मध्ये ही सवलत मागे घेतली. मागणी विचारात घेतली जाते तेथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला निधी मर्यादित असतो. म्हणजे साहाय्य मागणाऱ्याची खरी स्पर्धा सर्व अर्जदारांशी नव्हे, तर त्याच निधीवर डोळा असलेल्या जगभरच्या हुशार मुलांशी असते. छापील टक्केवारीत ही रांग दिसतच नाही. म्हणून आधी मागणी न करता प्रवेश मिळवावा आणि नंतर साहाय्य मागावे, असा विचार काही पालक करतात. तो धोक्याचा आहे. पहिल्या वर्षी मागणी न करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे साहाय्य न देण्याचा नियम अनेक महाविद्यालयांत आहे.

या कोंडीतून एक वाट महाराष्ट्रातूनच जाते. मुळशी तालुक्यातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्ये सुरू झाले. जगभरच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २००० पासून डेव्हिस शिष्यवृत्ती योजना चालते. ती निधी देते महाविद्यालयाला, त्यामुळे अशा विद्यार्थ्याचा भार महाविद्यालयाच्या तिजोरीवर कमी पडतो. आरंभीच्या पाच सहभागी संस्थांत मिडलबरी, कोल्बी आणि वेलस्ली यांचा समावेश होता.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची अडचण निराळीच आहे. अर्जासोबत नववीपासूनची गुणपत्रके, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेचा अहवाल लागतो. दहावीनंतर मूल कनिष्ठ महाविद्यालयात जाते, दिवसाचा मोठा भाग खासगी शिकवणीत घालवते आणि शंभर-सव्वाशेच्या वर्गात त्याला नावाने ओळखणारा शिक्षक सापडत नाही. मग शिफारसपत्रात ‘मेहनती व शिस्तप्रिय’ यापलीकडे काही नसते. शिवाय अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, तर मंडळाची परीक्षा त्यानंतर होते. निर्णय घेणाऱ्यांसमोर पूर्ण झालेले शेवटचे वर्ष असते अकरावीचे, आणि नेमके तेच वर्ष आपल्याकडे विश्रांतीचे मानले जाते! एखाद्या विषयाचा स्वतःहून केलेला अभ्यास ज्याने जवळून पाहिला आहे, अशा शिक्षकाचे साधे पत्र प्राचार्यांच्या शिक्क्यापेक्षा उपयोगी ठरते.

सॅटचे गुण देण्याची सक्ती अनेक ठिकाणी नाही. बोडनने तर ती १९६९ मध्येच उठवली. निबंधाला महत्त्व आहे, पण चांगला निबंध कच्ची गुणपत्रके झाकू शकत नाही.

अर्जांची यादी करताना प्रत्येक महाविद्यालयापुढे दोन नोंदी कराव्यात : परदेशी अर्जदाराची साहाय्याची मागणी निर्णयावेळी विचारात घेतली जाते का, आणि प्रवेश दिल्यास संपूर्ण गरज भागवली जाते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर प्रवेशपत्र हाती येऊनही जाता येत नाही. नियमित फेरीचे निकाल मार्चअखेरीस लागतात आणि १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. प्रतीक्षायादीवर असलेल्या आणि साहाय्य हवे असलेल्या विद्यार्थ्याने तोवर दुसरीकडील जागा निश्चित करून ठेवावी, कारण मे महिन्यात त्या निधीत सहसा काही शिल्लक उरलेले नसते.