वैकुंठ, स्वर्ग की तारण? मराठी ख्रिस्ती परंपरेतलं ‘सार्वकालिक जीवन’



आज येताना ताथवड्याच्या चौकात दोन मिनिटं थांबलो. फ्लेक्स वाचत होतो. वाढदिवसाचे चार आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचे तीन. त्या तिघांपैकी एकाच्या नावाआधी ‘कै.’ होतं, म्हणजे कैलासवासी. दुसऱ्याच्या आधी ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. माळकरी घर असणार. तिसरं नाव ख्रिस्ती कुटुंबातलं होतं आणि त्याच्याआधी लिहिलं होतं ‘ख्रिस्तवासी’.

हा शब्द मला फार आवडतो. तो इंग्रजीतून आलेला नाही. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी या रांगेत मराठी माणसानं तो बसवला. मात्र एक फरक बघा. कैलास आणि वैकुंठ ही स्थळं आहेत, ख्रिस्त ही व्यक्ती आहे. मेलेला माणूस एखाद्या ठिकाणी गेला नाही, कोणापाशी तरी गेला, असं तो शब्द सांगतो. ख्रिस्ती श्रद्धेत भाविकाला मृत्यूनंतर जे मिळणार म्हणतात, ते मराठीत सांगायला आपल्याकडे चारशे वर्षं काय काय खटपट झाली, तो आजचा विषय. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे इतिहास सांगताना मधेमधे वाद उकरून काढीन, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस, जन्म १५४९ चा. जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला, तो इथलाच होऊन. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं त्यांच्याकडून काढून घेतलेली होती. त्यांची तक्रार अशी, की देवळं गेली, पोथ्याही गेल्या, आता आम्ही ऐकायचं काय? स्टीफन्सनं त्यांच्यासाठी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज मिळत नाही. आपल्याकडे देवनागरीत ते शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्यातून काढलं.

आता स्टीफन्सपुढची अडचण बघा. त्याला ‘हेवन’ सांगायचंय. शब्द कोणता घ्यायचा? स्वर्ग म्हणावं, तर इथला ऐकणारा जाणतो की स्वर्ग संपतो. पुण्य खर्च झालं की माणूस परत मृत्युलोकात. गीतेच्या नवव्या अध्यायात हे स्पष्ट आहे. स्वर्ग म्हणजे आपल्याकडे एक लांबलेली सुट्टी. मोक्ष म्हणावं, तर तो संपत नाही हे खरं, पण अद्वैत्याच्या मोक्षात तिथे पोचणारा ‘मी’ उरत नाही. बक्षीस आहे आणि घेणाराच गायब! ख्रिस्ती शिकवणुकीला तर दोन्ही हवं आहे. न संपणारं सुख हवं आणि ते भोगणारा तोच माणूस हवा, देहासकट पुन्हा उठलेला. असा शब्द आपल्याकडे तयार नव्हता.

स्टीफन्सनं वैकुंठ घेतलं. सरळ वैकुंठ! मला ही निवड धाडसाची वाटते आणि अचूकही. वैकुंठात भक्त विरघळत नाही, देवासमोर उभा राहतो. तिथून परत यावं लागत नाही. त्यानं मुक्ती, मोक्ष हेही शब्द वापरले, पण चित्र उभं केलं ते वैकुंठाचं. त्याचं पुस्तक निघालं तेव्हा इथून गाडीनं अर्ध्या तासावर असलेल्या देहूत तुकोबा लहान होते. १६५० मध्ये ते वैकुंठाला गेले असं आपण म्हणतो. म्हणजे एकाच शतकात, एकाच भाषेत, एकच शब्द, इंद्रायणीकाठी एका अर्थानं आणि साष्टीत दुसऱ्या अर्थानं लोक म्हणत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

अर्थात हे सगळं गोडगुलाबी नव्हतं. पोथ्या काढून घेणारी सत्ता आणि ओव्या लिहिणारा पाद्री एकाच जहाजातून आले होते, हे विसरायचं कारण नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ मध्ये. त्याआधी १८११ मध्ये सेरामपूरला केरीनं मराठी नवा करार छापला होता. या मंडळींनी वैकुंठ सोडलं, कारण त्या शब्दाबरोबर विष्णू येतो. ‘स्वर्ग’ ठेवला आणि त्याची उणीव भरून काढायला एक विशेषण जोडीला आलं, ‘सार्वकालिक’. सार्वकालिक जीवन. सगळा भार त्या विशेषणावर! आणि दुसरा शब्द आला ‘तारण’. आता तुम्ही हसाल. इथे हायवेवर दर शंभर पावलांवर पाटी आहे, ‘सोनेतारण कर्ज’. बँकेत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, चर्चमध्ये तारण म्हणजे उद्धार. माझा एक ख्रिस्ती विद्यार्थी म्हणायचा, ‘सर, फरक फार नाही. दोन्हीकडे सोडवून आणणारा लागतो.’

बरं, आता मूळ प्रश्न. हे बक्षीस आहे की मजुरी? आपण औद्योगिक पट्ट्यात बसलोय, म्हणून मी तुम्हाला मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो. मळ्याचा मालक पहाटे मजूर अड्ड्यावर जातो, एका नाण्याच्या रोजावर माणसं ठरवतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा जातो. तिथे काही जण उभेच असतात, कोणी कामाला बोलावलं नाही म्हणून. त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी हिशेब होतो. शेवटच्यांना एक नाणं, पहाटेच्यांनाही एकच नाणं! पहाटेचे कुरकुरतात. चाकणला असा पगार वाटला तर दुसऱ्या दिवशी युनियन गेटवर बसेल, आणि कामगार म्हणून त्यांचं चुकणार नाही. येशूला नेमकं तेच दाखवायचंय, की इथे मजुरीचा तक्ता चालत नाही. देणाऱ्याच्या औदार्याचा हा मामला आहे.

यावर युरोपात रक्त सांडलं बरं का. ल्यूथर म्हणाला, केवळ विश्वासानं, केवळ कृपेनं. ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५४७ मध्ये उत्तर दिलं, की सुरुवात कृपेनंच होते, पण कृपेत राहून केलेल्या सत्कर्मांना खरोखर फळ आहे. स्टीफन्स या ट्रेंटच्या बाजूचा, नंतरचे अमेरिकन मिशनरी ल्यूथरच्या बाजूचे. आपल्या लोकांना हा वाद नवा नव्हता. कर्मानं की कृपेनं, हा प्रश्न रामानुजांच्या अनुयायांत मांजराचं पिल्लू आणि माकडाचं पिल्लू म्हणून शतकानुशतकं चालूच होता. मांजरीला पिल्लू धरावं लागतं, माकडाचं पिल्लू स्वतः धरून राहतं.

आता मला ज्या माणसापाशी यायचं होतं, त्याच्यापाशी येतो. निळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५, घराणं चित्पावन, वाढले काशीत. न्याय, वेदान्त शिकलेले. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून ख्रिस्ती ग्रंथ वाचले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये त्यांचा हिंदी ग्रंथ आला, ‘षड्दर्शनदर्पण’. मी विद्यार्थ्यांना हा ग्रंथ वाचायला लावायचो, मत पटो न पटो. त्यातला एक मुद्दा अजून माझ्या डोक्यात खडा होऊन बसलाय. गोरे विचारतात, तुमच्या दर्शनांच्या मोक्षात सुख आहे कुठे? नैयायिकाचा मुक्त आत्मा दुःखातून सुटला खरा, पण त्याला जाणीवही नाही. मग दगडात आणि त्याच्यात फरक काय? वेदान्ती म्हणतो ब्रह्म आनंदरूप आहे, पण आनंद अनुभवणारा कोणी नसेल तर तो कोणाचा आनंद? हा आक्षेप बाहेरच्याचा नाही. वैशेषिकांच्या मोक्षापेक्षा वृंदावनात कोल्हा झालेलं बरं, अशी थट्टा वैष्णवांनी फार पूर्वीच केली होती. वेदान्त्याकडे याला उत्तर आहे. अनुभवणारा वेगळा मानला की भेद आला, भेद आला की भीती आली. मी स्वतः अर्धं आयुष्य हे उत्तर शिकवलं. साठीनंतर, घरातली एक खुर्ची रिकामी झाल्यावर, मला गोऱ्यांचा प्रश्न जास्त ऐकू यायला लागला. असो.

पण गोऱ्यांनी दुसरी बाजूही टाळली नाही, आणि तिथे मामला कठीण होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. त्याच्या अखेरीस नीतिमानांसाठी ‘सार्वकालिक’ जीवन आहे आणि दुसऱ्यांसाठी ‘सार्वकालिक’ शिक्षा. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे विशेषण एकच. ऑगस्टिननं पाचव्या शतकात यावरून पेच टाकला, की शिक्षा संपते म्हणाल तर सुखही संपतं म्हणावं लागेल. ओरिजेनसारख्यांनी अखेर सगळ्यांचाच उद्धार होईल अशी आशा धरली होती, ती चर्चनं नाकारली. गोऱ्यांनीही अनंत शिक्षेचा सिद्धान्त उचलून धरला. पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला इथे अंगावर काटा येतो. एका लहानशा जन्माचा हिशेब आणि निकाल अनंतकाळाचा? आमच्याकडे निदान पुन्हा परीक्षेला बसता येतं! तर्कानं पाहिलं तर मर्यादित अपराधाला अमर्याद शिक्षा मला आजही पटत नाही.

याच गोऱ्यांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. १८८२ च्या सुमारास पुण्यात त्यांची गाठ झाली. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्यांनी त्यांना ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याच्या प्रमाणांविषयी पत्र लिहिलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात काय गदारोळ उठला ते तुम्हाला माहीत आहे. पण रमाबाईंनी स्वतःच्या मनोगतात जे कारण सांगितलंय, ते प्रमाणशास्त्रातलं नाही. त्या म्हणतात, धर्मग्रंथ धुंडाळल्यावर त्यांना दिसलं की पुरुषासारखा मोक्षाचा मार्ग स्त्रीला नाही. पतिसेवा एवढीच तिची आशा, आणि शूद्राचंही तसंच. तत्त्वज्ञानाच्या भाषेत हा ‘अधिकारा’चा प्रश्न आहे. बक्षीस केवढं याआधी विचारायला हवं, की रांगेत उभं राहायचा हक्क कोणाला? मग फुलहॅमला त्यांनी सिस्टर्सचं काम पाहिलं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना त्या सांभाळत होत्या. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि येशू तिला सार्वकालिक जीवनाच्या झऱ्याबद्दल सांगतो. भर दुपारी, पाणवठ्यावर. आपल्याकडे पाणवठा म्हणजे काय हे मी महाराष्ट्रात सांगायला नको.

इथे वारकऱ्यांच्या बाजूनं एक बोललंच पाहिजे. जनाबाई आणि चोखोबांसाठी वैकुंठाचं दार आपल्या संतांनी आधीच उघडलं होतं. नारायण वामन टिळक म्हणतच, की आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून आलो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि गोरे मुंबईत वारले तेही १८९५ मध्येच. रमाबाईंचं वळण वेगळं होतं. पुराणिकाची ती मुलगी, शास्त्राच्या दारातून आत शिरलेली. ते दार तिला बंद दिसलं.

आणि तिच्याकडे एक प्रश्न असा होता, जो गोऱ्यांच्या पत्रानं सुटण्यातला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई १८७४ मध्ये दुष्काळात उपाशी गेले, तीर्थांमागून तीर्थं करत. दोघंही ख्रिस्ती नव्हते. मग ते कुठे? वडिलांनी मरताना मुलीला जवळ घेऊन सांगितलं होतं, तुला देवाच्या हाती दिलंय, त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी पुढे लिहिलं, की वडील त्यांना माहीत नसलेल्या देवाची मनापासून सेवा करत होते. अथेन्समधल्या ‘अज्ञात देवा’च्या वेदीची आठवण त्यात आहे. हे ईश्वरशास्त्रातलं सूत्र नाही. आईबापांना बाहेर उभं करून आत जायला न धजणाऱ्या मुलीचं ते वाक्य आहे.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य भारतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांना ठेवलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच. मत्तयाच्या त्या न्यायाच्या चित्रात उजवीकडचे लोक चकित होऊन विचारतात, आम्ही तुला उपाशी कधी पाहिलं, कधी जेवू घातलं? त्यांना बक्षिसाचा पत्ताच नसतो. निष्काम कर्माचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

केडगावच्या त्या वस्तीला रमाबाईंनी नाव दिलं ‘मुक्ती’. गंमत अशी, की पुढे बायबलचं सोपं भाषांतर करताना त्या हिंदू छटेचे संस्कृत शब्द निवडून टाळत होत्या. मूळ हिब्रू, ग्रीक शिकून शेवटपर्यंत ते काम करत राहिल्या. आदल्या वर्षी मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. शब्दांबाबत एवढी काटेकोर बाई, पण दारावरची पाटी मात्र ‘मुक्ती’ची. मोक्षाचा अधिकार नाही म्हणून जिला सांगितलं होतं, तिनं तोच शब्द उचलून शेतावर, विहिरीवर, छापखान्यावर आणि पोरींच्या जेवणाच्या पंगतीवर लावला.

मागे कोणीतरी हात वर केलाय. हं, बोला आजी.

‘सर, मग रमाबाईंचे आईवडील त्यांना भेटले असतील का?’

आजी, ऑगस्टिनला विचाराल तर तो नाही म्हणेल, ओरिजेन हो म्हणेल. गोरे, मला वाटतं, बराच वेळ गप्प बसतील. मला विचाराल तर मी अजून खडूनं फळ्यावर दोन्ही बाजू मांडतोय. बसा, पाणी घ्या. पुढच्या रविवारी ‘षड्दर्शनदर्पणा’तलं न्यायाचं प्रकरण घेऊ, ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनी आणावी.