लिस्प यंत्रे

लिस्प या संगणकीय भाषेतील कार्यक्रम जलद चालावेत, या हेतूने मुद्दाम रचलेल्या व एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावयाच्या संगणकांना ‘लिस्प यंत्रे’ म्हणतात. त्यांचा विकास १९७०–८० या दशकात अमेरिकेत झाला व पुढील दशकात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात ती विशेष प्रचारात होती.

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम्आय्टी) या संस्थेत तयार केली. तीत संख्यांपेक्षा चिन्हे व त्यांच्या सूची यांवरील क्रियांना महत्त्व आहे. एखादे मूल्य संख्या आहे, चिन्ह आहे की सूची, हे कार्यक्रम चालू असतानाच तपासावे लागते; तसेच वापरून झालेली स्मृतिस्थाने शोधून पुन्हा मोकळी करावी लागतात. सर्वसाधारण संगणकावर या कामांत बराच वेळ खर्च होई. शिवाय एम्आय्टीमधील पीडीपी–१० हा संगणक अनेकजण एकाच वेळी वापरीत आणि एका कार्यक्रमाला त्यावर सु. २,६२,००० शब्दांपलीकडील स्मृती वापरता येत नसे. बीजगणितातील राशींवर प्रक्रिया करणाऱ्या ‘मॅक्सिमा’सारख्या मोठ्या कार्यक्रमांना ही मर्यादा जाचक ठरू लागली.

यावर उपाय म्हणून रिचर्ड ग्रीनब्लॅट व टॉम नाइट यांनी १९७४ च्या सुमारास ‘कॉन्स’ हे यंत्र बांधण्यास घेतले. त्याची सुधारित आवृत्ती म्हणजे ‘कॅडर’ हे यंत्र. दोन्ही नावे लिस्पमधील क्रियांचीच आहेत. कॅडरमधील प्रत्येक ३२ बिटांच्या शब्दात मूल्याबरोबर त्याचा प्रकार दर्शविणारी खूणही साठविलेली असे. त्यामुळे प्रकाराची तपासणी मुख्य क्रियेबरोबरच यंत्राकडून होई. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातही ‘इंटरलिस्प’ या बोलीसाठी अशी यंत्रे तयार झाली.

या यंत्रांच्या विक्रीसाठी १९७९ मध्ये ग्रीनब्लॅट यांनी ‘लिस्प मशीन्स’ ही कंपनी, तर १९८० मध्ये त्यांच्या इतर सहकाऱ्यांनी ‘सिंबॉलिक्स’ ही कंपनी स्थापन केली. परिणामी प्रयोगशाळेतील बहुतेक तज्ञ तेथून बाहेर पडले आणि आज्ञावल्या परस्परांस मोकळेपणाने देण्याची तेथील परंपरा खंडित झाली. प्रयोगशाळेत राहिलेले रिचर्ड स्टॉलमन यांनी सिंबॉलिक्सने केलेल्या सुधारणा सु. दोन वर्षे स्वतंत्रपणे पुन्हा लिहून काढल्या. याच अनुभवातून त्यांनी १९८३ मध्ये सर्वांस खुल्या असणाऱ्या ‘ग्नू’ या प्रणालीची घोषणा केली.

लिस्प यंत्रे महाग होती. सूक्ष्मप्रक्रियकांवर चालणारे सर्वसाधारण संगणक वेगवान व स्वस्त होत गेले. लिस्पची संकलकेही सुधारली. त्यामुळे खास यंत्राचा लाभ उरला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या अवास्तव अपेक्षांचा भंग झाल्याने मागणीही घटली. लिस्प मशीन्सचे १९८७ मध्ये दिवाळे निघाले. १९९३ मध्ये सिंबॉलिक्सनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. भाषेला अनुरूप यंत्र घडविण्याचा हा प्रयोग व्यापारी दृष्ट्या अयशस्वी ठरला. तथापि स्मृतीची आपोआप होणारी सफाई आणि चालू कार्यक्रमातच दुरुस्ती करण्याची सोय यांचे महत्त्व त्याने दाखवून दिले.