खानदेशातील शहामृग आणि त्याच्या कवचाचे मणी

शहामृग हा दोन पायांवर धावणारा सर्वांत वेगवान प्राणी. त्याच्या पायाला दोनच बोटे असतात आणि मोकळ्या माळावर तो ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने पळतो. आज तो आफ्रिकेत आढळतो. पण सुमारे 25,000 वर्षांपूर्वी तो खानदेशाच्या गवताळ माळावरही वावरत होता.

याचा ठोस पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मिळाला. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी सापडले. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मधल्या पट्ट्यांत आडव्यातिडव्या रेषा कोरलेल्या आहेत. भारतात इतरत्र सापडलेल्या कवचांवरील अनेक खुणा झाडांच्या मुळांनी पडलेल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. पाटण्याच्या रेषा मात्र माणसाच्याच हातच्या आहेत. महाराष्ट्रातील कलेचा इतिहास लेण्यांपासून सुरू करण्याची सवय या एवढ्याशा तुकड्यापुढे टिकत नाही.

मण्यांसाठी हेच कवच का निवडले, हे त्याच्या गुणांवरून कळते. ते सुमारे दोन मिलिमीटर जाड, टणक आणि घासल्यावर गुळगुळीत होणारे असते. मणी करण्याची रीत आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातील सान लोकांमध्ये अलीकडेपर्यंत पाहायला मिळत असे. कवचाचे लहान तुकडे करायचे, टोकदार हत्याराने मधोमध वेज पाडायचे, तुकडे दोऱ्यात ओवायचे आणि सगळी माळ दगडावर घासून कडा गोल करायच्या. वेज पाडताना बरेच तुकडे फुटतात, त्यामुळे एका माळेमागे कित्येक तासांची चिकाटी असते. पोट भरण्याशी ज्याचा काही संबंध नाही, अशा कामासाठी त्या माणसांनी एवढा वेळ दिला, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मध्य प्रदेशात भीमबेटका येथेही असे मणी मिळाले आहेत.

भारतात सापडणारी अशी कवचे खरोखर शहामृगाचीच का, या शंकेचे उत्तर 2017 साली मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह भारतीय शास्त्रज्ञांनी जुन्या कवचांतील डीएनए तपासला, तेव्हा तो आफ्रिकी शहामृगाशी जुळणारा निघाला.

पुढे शहामृग भारतातून नाहीसा झाला आणि त्याच्याबरोबर हा कच्चा मालही संपला. पाटणे आज गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याच्या शिलालेखासाठी आणि पाटणादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. त्या ओळखीत या मण्यांनाही जागा मिळायला हवी.