वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवा आणि रोजगाराचा प्रश्न

कुष्ठरोग्याच्या उपजीविकेचा विचार करताना त्याच्या हाताकडे जितके लक्ष जाते, तितके त्याच्या मालाच्या गिऱ्हाइकाकडे जात नाही. वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१८९८ च्या महारोगीविषयक कायद्याने, ज्या क्षेत्रास तो लागू करण्यात येई तेथे, रोग्यास विक्रीसाठी खाद्यपेये किंवा वस्त्रे स्वतः तयार करण्यास मनाई करता येत असे. उघड भीक मागणाऱ्या निर्धन रोग्यास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकारही त्याच कायद्याने पोलिसांस दिला होता. धंदा नाही आणि भिक्षाही नाही, अशी ही कोंडी होती. तिच्यातून उरणारा मार्ग आश्रयगृहाचा; आणि तेथे अन्न मिळाले तरी कर्तेपण मिळत नसे.

या पार्श्वभूमीवर विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठधामाचे महत्त्व कळते. शेती आणि सूतकताई यांना तेथे उपचाराइतकेच स्थान होते. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेचे कलम घातले, तेव्हा दिवाणांच्या या संस्थेचाच निर्देश केला. सेवाग्रामात ज्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली, ते संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री यांचा अंतही १९४५ मध्ये दत्तपूर येथेच झाला. शास्त्रीबोवांचे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. परंतु ते सेवेचे उदाहरण आहे, रोजगाराचे नव्हे, हा भेद सहसा केला जात नाही.

श्रमाची अडचण मुळात शारीरिक होती. मज्जातंतू बधिर झाले की विळ्याची मूठ टोचल्याचे किंवा चुलीवरील भांडे भाजल्याचे हातास कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झडू लागतात. म्हणजे ज्या कामाने पोट भरावयाचे, तेच काम हात नासविते. यास्तव अवजारांच्या मुठी जाड व मऊ करणे, रोज हातपाय तपासणे, या बारीकसारीक गोष्टींवर नोकरी टिकणे अवलंबून असते. वसाहतीत हे साधते. बाहेरच्या मालकास त्याची फिकीर असण्याचे कारण नव्हते.

गांधी स्मारक निधीतून १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने प्रश्नाची बाजूच बदलली. डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली सेवाग्राम परिसरात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिविध पद्धती सुरू झाली. सल्फोन वर्गातील स्वस्त औषध हाती आल्यामुळे हे शक्य झाले होते. कार्यकर्ता घरोघर जाऊन रोग आरंभीच हुडकी, आणि रोगी आपल्या घरी, आपल्या शेतात राहून औषध घेई. दत्तपूरने काम गमावलेल्यास काम दिले. या पद्धतीने ते गमावण्याची वेळच टाळण्याचा प्रयत्न केला. कुष्ठसेवेच्या इतिहासात या दुसऱ्या उपक्रमाची नोंद वैद्यकीय म्हणूनच होते. वस्तुतः शेतमजुराची मजुरी टिकविण्याचा तो सर्वांत परिणामकारक उपाय होता.

गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नव्हता. हिंगणघाटचे जन्माने रहिवासी असलेले बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा तेथील भाजीपाला आणि दूध घेण्यास आरंभी लोक कचरत. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रोग्यांसमवेत बांधकाम केले, आणि परिसरातील लोकांची भीती ओसरू लागली. मालाच्या गुणवत्तेत दरम्यान फरक पडलेला नव्हता.

विधिमंडळांची गती याहून मंद ठरली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने ‘कुष्ठमुक्त’ व्यक्तीस अपंगांत गणले, पण नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागांच्या वाटणीत तिचा स्वतंत्र उल्लेख केला नाही. तो २०१६ च्या कायद्यात आला. १८९८ चा कायदाही २०१६ मध्येच रद्द झाला. तथापि या राखीव जागा सरकारी आस्थापनांपुरत्या आहेत. सेवाग्रामच्या आसपास ज्यांच्या घरी कार्यकर्ते औषध घेऊन जात, ते बहुतांशी शेतकरी आणि मजूर होते.