नुसतं 'झालं!'

रत्नागिरीहून भाट्येचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर नारळ संशोधन केंद्र लागतं. १९५५ सालचं. लहानपणी बाबांबरोबर एकदा तिथे गेलो होतो. आमच्या माडांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. बाबांना हवं होतं औषधाचं नाव. समोरचे साहेब मात्र उलट विचारत बसले. माड किती वर्षांचे? शेणखताचा खड्डा कुठे आहे? मग म्हणाले, "हा गेंड्या भुंगा. माडावर फक्त जेवायला येतो, वाढतो तुमच्या खड्ड्यात." बाबांनी परत येऊन हे अख्ख्या वाडीला सांगितलं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझी एक जुनी चूक.

२००५ सालची गोष्ट. घरच्या संगणकावर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. त्याआधी प्रत्येक फॉन्टचा संसार वेगळा होता. 'शिवाजी'त लिहिलेलं वाचायला 'शिवाजी'च लागे. युनिकोड १९९१ सालीच आलं होतं, पण २००१ च्या विंडोज एक्स्पीमध्येसुद्धा देवनागरी नीट दिसायला 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागे. वर विंडोजची सीडी हाताशी हवी!

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. महाजालावरच्या मराठी मंडळींना विचारलं. पहिलं उत्तर आलं, "आधी शोधा, शंभरदा सांगून झालंय." सांगून झालं होतं, खरंच. पण मी शोधत होतो 'चौकोन', आणि त्यांनी लिहिलं होतं 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'. भेट होणार कशी?

दुसऱ्या एका भल्या माणसाने भाट्येच्या साहेबांसारखं उलट विचारलं. विंडोज कुठलं? सीडी आहे का? मग खासगी निरोपातून एकेक पायरी सांगितली. मराठी दिसायला लागलं. मी आनंदाने सगळ्यांसमोर लिहिलं, "झालं! धन्यवाद."

दोन वर्षांनी संगणक फॉरमॅट केला. पुन्हा चौकोन. पायऱ्या विसरलो होतो, निरोपही उडाला होता. शोधलं तर काय सापडावं? माझंच 'झालं!' माझ्याआधी तिथे आणखी दोघे येऊन विचारून गेले होते, "कसं झालं?" लाज वाटली...

मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला. तिथे चावडी आणि मदतकेंद्र आहे, जिथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांसमोर राहतात. २००८ साली आलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने चांगलं उत्तर मतांनी वर आणायची सोय केली. पण तिथेही 'हे आधी विचारलंय' म्हणत प्रश्न बंद होत, आणि नवख्यांना इथे परकं वाटतं हे त्यांनी स्वतःच २०१८ मध्ये कबूल केलं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तिथले प्रश्न झपाट्याने घटले. यंत्र रागावत नाही, हे खरंच. मीही त्यालाच विचारतो. पण ते उत्तर पुन्हा खासगी निरोपासारखंच. माझं काम होतं, वाडीला काही कळत नाही.

असो. त्या दिवशी मी 'झालं!'च्या खाली सगळ्या पायऱ्या लिहून काढल्या, सीडीसकट. आणि सुरुवातीलाच मुद्दाम लिहिलं : "मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर..."